लाल चिंधीची काठी

माझ्या थोरल्या बहिणीला, लुडीला, पोहता येत नाही, आणि सगळा जन्म तिने तळ्याकाठी काढला. आमच्या मिसिसिपी राज्यात अशा बायका पुष्कळ आहेत, पण तिच्याइतकी हट्टी मी दुसरी पाहिली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर पोरांना जेवू घातलं. वसंतात तळं फुगलं की मात्र लांब गळकाठी घेऊन निघायची. पाणी चढलं की क्रॅपी मासा काठच्या बुडालेल्या झुडपांत शिरतो. होडीवाले लांब भटकत बसतात आणि हिला मासा पायाशी मिळतो.

तिची एक पद्धत होती. पाण्याच्या कडेला लाल चिंधीची काठी रोवायची, आणि काठी बुडायला लागली की मागे फिरायचं.

त्या दिवशी काठी अलीकडच्या कडेला रोवून जुन्या रस्त्याचा खोलगट भाग घोटाभर पाण्यातून ओलांडून ती पलीकडच्या उंचवट्यावर गेली. तिचा नवरा हॉलिस अलीकडे खुर्ची टाकून गळ लावून बसला. मी सँडविच घेऊन ट्रकमधून उतरले, तर काठावरचं कचऱ्याचं पिंप पाण्यावर तरंगत होतं.

"हॉलिस, पाणी किती चढलंय बघ."

"छे. काठी कडेलाच आहे की."

काठीला त्याने पकडलेल्या माशांची माळ बांधलेली होती.

"ही तू हलवलीस?"

"पाणी पायाला लागलं की खुर्ची मागे घेत होतो. माळ खोलात जायला लागली, म्हणून काठीही..."

मी हाक मारली. लुडी वळली. तिच्या आणि आमच्या मधे आता गढूळ पाणी जोरात वाहत होतं. तिने काठीकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"दोर आण, हॉलिस," ती शांतपणे म्हणाली.

दोराचं एक टोक मी ट्रकला बांधलं. हॉलिस दुखऱ्या गुडघ्याने कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्याने दुसरं टोक फेकलं. ते तिने कमरेला बांधलं आणि पाण्यात उतरली. पाणी छातीला लागलं, मग गळ्याला. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

"मक्याचं पीठ आणलंस का रे?" तिने विचारलं.

"आणलंय."

"खोटारडा. मासे कशात घोळवू मग?"

"येताना घेऊ. तू ये फक्त."

"येतेय. तू ओढ."

तेवढ्यात तिचा पाय घसरला आणि डोकं दिसेनासं झालं. हॉलिस ओढत राहिला. ती वर आली तेव्हा तिची बाही त्याच्या मुठीत होती.

काठावर ती बराच वेळ खोकत राहिली. हॉलिस चिखलात गुडघ्यावर बसला.

"लुडी, काठी मी हलवली होती."

"माहीत आहे. माळ दिसली मला तिकडूनच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर हात थरथरले असते तुझे," ती म्हणाली. "आणि दोर तुझ्याच हातात होता."

त्या संध्याकाळी ट्रक लुडीने चालवला. हॉलिसला डोळ्यांतल्या पाण्यापलीकडे काही दिसत नव्हतं.