दुभाषी गैरहजर

वडील सोमवारी सकाळी गेले. त्या दिवशीच्या कोर्टाच्या नोंदीत लिहिलं आहे : दुभाषी गैरहजर. पुढील तारीख.

ते तेलंगणातून भिवंडीत लूमवर आले होते. मराठी माझ्या शाळेच्या पुस्तकांवरून शिकले. तेलुगू कामगार साक्षीला आला की कोर्ट त्यांना बोलावायचं. एकवीस वर्षं. बोलावतील त्या दिवसाचा भत्ता, तोही मागून. त्यांच्यासमोर लागलेले शिपाई लिपिक झाले. वडील पिंजऱ्याशेजारी उभेच. मधल्या सुट्टीत वकील हातात कागद द्यायचे, "अण्णा, एवढं झेरॉक्स करून आणा." ते आणायचे. कॉलेजात असताना मी हे एकदा पाहिलं आणि त्यांना दिसायच्या आत परत फिरले. त्याची लाज अजून आहे.

कायम पद, ठरलेला पगार आणि बढती मिळावी, असे चार अर्ज त्यांनी केले. पोच एकाचीही घेतली नाही. मी म्हणायची, "नान्ना, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या." ते म्हणायचे, "साहेबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, बाळा."

बाराव्यानंतर मी कोर्टात गेले. गैरहजर खोडून मयत लिहा, एवढंच मागायला.

हेडक्लार्क म्हणाले, "ताई, मयत लिहायला आधी नोकरीत असावं लागतं."

"आणि त्यांचे अर्ज?"

त्यांनी आवक रजिस्टर चाळलं. "असा अर्जच आलेला नाही." मग आवाज मऊ करून म्हणाले, "तेलुगू येतं ना तुम्हाला? एक बाई तिसऱ्यांदा आलीये साक्षीला. उभ्या राहा जरा. अण्णांची पोरगी म्हणजे घरचीच."

बाई बाकावर बसली होती. लूमच्या पट्ट्यात तिच्या नवऱ्याचा हात गेला होता. मालक म्हणत होता, हा आमचा कामगारच नाही.

मी उभी राहिले. शपथ घेतली. बाईने माझ्याकडे वाकून तेलुगूत विचारलं. पिंजऱ्यातून जे बोललं जाईल ते सगळं कोर्टाला सांगायचं, हे वडिलांनी शिकवलेलं. मी सांगितलं, "साहेब, ती विचारते, नेहमीचे दुभाषी कुठे आहेत?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यायला सांगा."

तेही मी तिला सांगितलं. माझ्याच तोंडाने.

साक्ष संपली. बाहेर एका वकिलाने कागद पुढे केले. "ताई, खाली जाताय तर एवढं झेरॉक्स..."

"नाही."

एवढंच बोलले.

खाली मी गेलेच. पिशवीत वडिलांच्या शेवटच्या अर्जाची कच्ची प्रत होती. तिच्याखाली लिहिलं : अर्जदार मयत. आजचे काम मुलीने केले. मागणी तीच. सही केली. त्याची झेरॉक्स काढली आणि आवकच्या टेबलाशी येऊन उभी राहिले.

"उद्या या."

"शिक्का मिळेपर्यंत इथेच आहे."

पाच वाजता मिळाला.

तेव्हापासून कोर्ट बोलावतं आणि मी जाते. नाही गेले, तर अशा बाईला पुन्हा तारीख मिळते. पण दर वेळी आधी अर्ज देते, शिक्का घेते, मगच पिंजऱ्याशेजारी उभी राहते. उत्तर एकाचंही आलेलं नाही. नोंदीत वडील अजून गैरहजरच आहेत.

माझ्याकडे सात पोचपावत्या आहेत.