कोंबड्यांची येळवस

अणदुरात शांताक्काच्या दारावरून न जेवता पुढं जायचं असेल, तर माणसानं मागच्या गल्लीनं जावं. समोरून गेला की सापडलाच म्हणून समजा. मीटर बघायला आलेला असो, नाहीतर तुळजापूरला पायी निघालेला असो, शांताक्का उंबऱ्यातूनच विचारणार, "जेवलास का?" आणि समोरचा 'हो' म्हणाला तरी तिचा विश्वास बसत नाही. पानावर बसवलं की ती समोर उभी राहते आणि जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहते. जेवण कसं झालं, असं तिनं जन्मात कुणाला विचारलेलं नाही. तिचं माप एकच. माणसानं आपणहून पुन्हा मागितलं, तर स्वयंपाक जमला. "लई छान झालंय" म्हणत हात धुवायला उठणाऱ्याचं ती काही खरं धरत नाही.

तिचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा गंध नव्हता. आता माणसांशी मराठीत बोलते आणि जनावरांशी कानडीत. जनावरांना ते जास्त कळतं, असं तिचं म्हणणं आहे. नवरा कल्याणप्पा यांचा गावात करडईच्या तेलाचा लाकडी घाणा. घर लिंगायतांचं, गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत आजवर अंडं आलेलं नाही. शेजारच्या पोरानं एकदा खेळता खेळता अंड्याचं टरफल अंगणात टाकलं, तर शांताक्कानं सगळं अंगण पुन्हा शेणानं सारवून काढलं होतं.

आणि अशा बाईच्या पोटी जन्मलेली शिवरंजनी कोंबड्यांच्या आहारावर पीएच.डी. करायला निघाली.

पोरगी पशुवैद्यकाची पदवी घेऊन आली तेव्हा शांताक्का खूश होती. गाईम्हशींची डॉक्टर म्हणजे मानाचं काम. पण पुढं शिवरंजनीनं सांगितलं, "अव्वा, सोयाबीनची पेंड लई महाग झालीय. कोंबड्या पाळणारे लोक खाद्यापायीच बुडत्यात. आपल्या घाण्यावर करडईची पेंड पडती, ती किती प्रमाणात चारली तर कोंबडीला सोसंल, त्ये म्या शोधणार हाय." शांताक्काला त्यातलं एकच कळलं. आपल्या घरचं खाणं दुसऱ्याच्या पोटात जाणार होतं. मग तिची काही हरकत उरली नाही.

पण संशोधन काही हवेवर होत नाही. कोंबड्या विकत घ्यायच्या, खाद्य तपासून घ्यायचं, अंडी प्रयोगशाळेत पाठवायची. जिल्ह्यातल्या कुक्कुटपालकांच्या एका संघानं पहिल्या वर्षाचा खर्च उचलला. दुसऱ्या वर्षाचं मात्र प्रयोग बघून ठरवू म्हणाले. शिवरंजनीनं घरी स्पष्टच सांगून ठेवलं होतं. पैसे मिळाले नाहीत तर पीएच.डी. सोडायची आणि खाद्याच्या एका कंपनीत विक्रीची नोकरी धरायची. तिकडून बोलावणंही आलेलं होतं. हे बोलताना ती हसत होती, पण शांताक्काला लेकीचं खरं हसू कुठलं आणि ओढूनताणून आणलेलं कुठलं ते कळत होतं.

प्रयोग शेतावरच मांडला. शेताच्या कडेला पत्र्याचं शेड उभं राहिलं, आत जाळीचे कप्पे झाले. काही कप्प्यांना पांढरी फीत, तिथं नेहमीचं खाद्य. हिरव्या फितीला थोडी पेंड आणि लाल फितीला जास्त. खाद्याच्या पिशव्याही त्याच रंगांच्या. शिवरंजनी वजन करून ठेवायची आणि ती विद्यापीठात गेली की रंगाला रंग जुळवून खाद्य घालायचं काम शांताक्काकडं. अंडी गोळा करायचं कामही तिच्याकडंच आलं. ती हाताला फडकं गुंडाळायची, तोंड जरा बाजूला करायची आणि निखारा उचलावा तसं अंडं उचलून ट्रेमध्ये ठेवायची. ते फडकं शेडातल्या खिळ्याला असायचं. ते घरी न्यायची कुणाची टाप नव्हती.

कोंबड्यांशी मात्र तिचं लवकरच सूत जमलं. "बा, बा, ऊटा माडू," असं कानडीत जेवायचं आवतण देत ती शेडात शिरायची. लाल फितीची एक तुरेवाली कोंबडी तिच्या पदराला चोच मारायची, तिला शांताक्का 'आत्याबाई' म्हणायची. एकच गोष्ट तिला खटकत होती. रोज तेच कोरडं खाद्य, ना फोडणी ना पातळ, या कोंबड्या बिचाऱ्या खातात तरी कशा?

आणि मग आली येळवस.

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला धाराशिव जिल्ह्यात गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. अणदूरचा खंडोबाही तेव्हा नळदुर्गाला मुक्कामी गेलेला असतो. कडब्याची खोप करून तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी मारायची आणि मग जेवायला बसायचं. सगळ्या शेंगा-भाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडकंभर आंबील. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाताला धरून बसवायचा. अख्ख्या जिल्ह्यात त्या दिवशी न जेवलेला माणूस सापडत नाही, मग शांताक्काच्या शेतात तर काय विचारता! शिवरंजनीला नेमकं त्याच दिवशी विद्यापीठात आपल्या कामाचा आढावा सांगायला जावं लागलं. तिच्या वाटची भज्जी झाकून ठेवली होती.

पंगती उठल्या. गडी जेवले, बैल जेवले, कुत्र्यालाही उंडा मिळाला. शांताक्का पदर खोचून स्वतः बसणार, तेवढ्यात शेडातून कलकलाट ऐकू आला. तिचा हात ताटावरच थांबला. सणाच्या दिवशी आपल्या शेतातले एवढे जीव कोरड्यावर! ती उठली, भज्जीची बादली घेतली, उंड्यांची पाटी घेतली आणि शेडात गेली.

संध्याकाळी शिवरंजनी आली ती शेडात, आणि जागीच उभी राहिली. खाद्याच्या नळ्यांना पिवळं बेसन चिकटलेलं. आत्याबाईच्या चोचीला हरभऱ्याचा पाला.

"अव्वा, ह्ये काय केलंस?"

"येळवस केली. त्यांनी का करू न्हाय?"

"त्यांना त्यांचं खाद्य होतं की!"

"खाद्य येगळं आन् जेवण येगळं," शांताक्का हसत म्हणाली. पण लेक हसली नाही. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसून ती रडायला लागली. मग थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं समजावून सांगितलं. कोणत्या खाद्यानं अंड्यात काय फरक पडतो हेच तर मोजायचं होतं. मध्येच दुसरं काही पोटात गेलं तर फरक पेंडीनं पडला की भज्जीनं, हे कसं सांगायचं? आणि परवा संघाचे अध्यक्ष प्रयोग बघायला येणार होते.

आयुष्यभर लोकांना खाऊ घालून शांताक्कानं पुण्य जोडलं होतं आणि त्याच हातानं लेकीच्या पानात माती कालवली होती.

घरी आल्यावर कल्याणप्पांनी आपल्या परीनं मार्ग काढला. "कुणाला सांगायचंच कशाला? कोंबड्या काय तोंड उघडणार हायत?"

"न्हाय अप्पा, सांगणार. नोकरी करावी लागली तरी चालंल," शिवरंजनी म्हणाली आणि आत गेली. त्या दिवशी शांताक्काच्या घरात खीर तशीच उरली. असं कधी झालं नव्हतं.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. संघाचे अध्यक्ष लिंबाजी तात्या ईट गावचे, भल्या मोठ्या पोल्ट्रीचे मालक, पांढरा फेटा आणि आवाज असा की कोंबड्या दचकाव्यात. सोबत शिवरंजनीचे मार्गदर्शक उमाशंकर सर. कुक्कुटशास्त्र शिकवण्यात सरांचे केस पांढरे झाले होते, पण घरचा आचार मोडून त्यांनी कधी अंडं चाखलेलं नव्हतं.

लिंबाजी तात्यांनी कप्पे बघितले, अंडी उजेडाला धरून बघितली. "बरं, प्रयोगात काय अडचण-बिडचण?" त्यांनी विचारलं. शिवरंजनीनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी शांताक्का पुढं झाली.

"म्या चुकले, तात्या. पोरीचा काय दोष न्हाय. येळवशीला म्या समद्या कोंबड्यांना भज्जी आन् उंडे चारले. तिला ठावंबी नव्हतं. काय बोलायचं त्ये मला बोला, पर तिचं शिक्षण मोडू नगा." आणि एवढं बोलून बाईचा बांध फुटला.

सरांनी चष्मा पुसला. "आक्का, कोणत्या कप्प्यात घातली भज्जी? लाल, की हिरव्या?"

"समद्यास्नी," शांताक्का डोळे पुसत म्हणाली. "कप्प्याला डाव-डाव भज्जी आन् एक-एक उंडा कुस्करून. पंगतीत दुजाभाव करत्यात व्हय, सर? आत्याबाईला चार दाणे जास्त द्यावं वाटलं, पर न्हाय दिले."

सर पहिल्यांदा हसले. मग शिवरंजनीकडं वळून म्हणाले, "सगळ्यांना सारखंच मिळालंय. तेव्हा प्रयोग मोडला असं नाही. पण हे दिवस हिशेबातून काढायचे, प्रयोग काही आठवडे वाढवायचा आणि काय घडलं ते प्रबंधात जसंच्या तसं लिहायचं."

"आन् वाढीव आठवड्यांचं खाद्य कोण देणार?" लिंबाजी तात्या गरजले. शिवरंजनीनं खाली बघितलं. तात्यांनी फेटा काढून हातात घेतला, टकलावरून हात फिरवला आणि एकाएकी खदखदून हसायला लागले.

"संघच देणार की! ऐक पोरी. आमी आजवर लई जणांना पैसे दिले. त्यांच्या कागदात एक कोंबडी कधी आजारी पडली न्हाय, एकदा लाईट गेली न्हाय, कधी पाण्याची नळी तुंबली न्हाय. माझ्या शेडात तर रोज एक नवं झेंगट! आमाला कळंना, ह्ये लोक कोंबड्यांवर प्रयोग करत्यात का फोटोवर? आज पयल्यांदा कुणीतरी म्हणलं, आमचं हितं चुकलं. तू जे आकडं देशील, त्यावर म्या डोळं झाकून माझ्या कोंबड्यांना पेंड चारीन. दुसऱ्या वर्साचं झालं म्हणून समज."

शिवरंजनीनं आईचा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"पर एक अट हाय," तात्या बोट वर करून म्हणाले. "पेंड खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याला वास मारला तर गिऱ्हाईक घेत न्हाय. चव कशी हाय?"

शिवरंजनीनं सरांकडं बघितलं. सरांनी कल्याणप्पांकडं बघितलं. कल्याणप्पा पत्र्याकडं बघायला लागले. बलक किती पिवळा, टरफल किती जाड, सगळं मोजून झालं होतं. पण चव? तात्या सोडले, तर तिथं उभ्या असलेल्यांपैकी एकाच्याही तोंडात जन्मात अंडं गेलेलं नव्हतं.

"म्हंजी कुणीच खाल्लं न्हाय?" तात्यांना हसू आवरेना. "मग उकडा एक. म्या बगतो."

सगळ्यांनी शांताक्काकडं बघितलं. तिनं क्षणभर विचार केला. घराच्या उंबऱ्याच्या आत नाही, हे खरं. पण शेताला कुठं उंबरा असतो? आणि दारी आलेला माणूस काही खायला मागतोय, ही काय नवी गोष्ट होती? तिनं तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, एक जुनं पातेलं आणलं आणि हाताला फडकं गुंडाळून लाल फितीच्या कप्प्यातली अंडी पाण्यात सोडली. किती वेळ उकडायचं हे तिला ठाऊक नव्हतं. "बटाट्याएवढं ठिवू का?" तिनं विचारलं आणि सरसुद्धा पोट धरून हसले.

फडक्यातच अंडं सोलून, मीठ-तिखट भुरभुरून तिनं पळसाच्या पानावर तात्यांपुढं ठेवलं. फडकं खिळ्याला लावून आली आणि नेहमीसारखी समोर उभी राहिली, तात्यांच्या तोंडाकडं बघत. तात्यांनी अर्धं अंडं तोंडात टाकलं. डोळे मिटले. चावलं. मग उरलेलं अर्धं टाकलं. शिवरंजनीला धीर धरवेना. "वास येतोय का, तात्या?"

तात्यांनी पान शांताक्कापुढं सरकवलं.

"आक्का, अजून एक वाढा."

शांताक्काचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. लगबगीनं तिनं पातेल्यात हात घातला, गरम अंडं या हातातून त्या हातात झेलत पटापट सोललं आणि पानावर वाढलं. फडकं खिळ्यालाच होतं. शिवरंजनीच्या ते ध्यानात आलं.

"लाजू नगा तात्या," शांताक्का म्हणत होती, "पातेल्यात लई हायत."