तुळशीशेजारची ओल

निरोप मैंदर्गीत मिळाला. अक्काच्या सासरच्या शेताचं काही काम होतं, म्हणून मी तिकडे गेलो होतो. सोलापूरहून आलेल्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर भर उन्हात शोधत आला आणि म्हणाला, "मालक, अक्का गेल्या. घरनं लगेच बोलावलंय." कशा गेल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. अक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन आमच्या भवानी पेठेतल्या घरी आली ती कायमची. साठी उलटली होती, तेव्हा बातमी अगदीच अनपेक्षित म्हणता येणार नाही. पण मोटारीत बसल्यावर मला रडू आलं नाही. मनात एकच प्रश्न होता... विजेनं तर नाही? दिवस वैशाखाचे होते, जमीन तापून कोरडी पडलेली. खड्ड्यात कुणी पाणी घातलं असेल का?

ही भीती कुठून आली ते सांगायला हवं. आमचं घर वडिलांच्या वेळचं, जाड भिंतींचं. त्यात वीज घेतली तेव्हा तारा लोखंडी नळ्यांतून भिंतींवरून फिरवल्या. नळीच्या आत एखादी तार उघडी पडली तर नळीत वीज उतरते. ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून नळीला एक तार जोडून ती जमिनीत पुरतात. त्याला अर्थिंग म्हणतात. पुरायची ती ओल्या जमिनीत. आमच्याकडे बारा महिने ओली अशी जागा एकच, मागच्या अंगणात तुळशीशेजारी, जिथे अक्काच्या अंघोळीचं पाणी जाई. वायरमन हुसेनभाईनं नेमकी तीच जागा दाखवली. अक्का सोवळ्यात उभी होती. "तिथं नाही हं. तिथून मला देवघरात जायचं असतं." हुसेनभाई म्हणाला, "मग कुटं गाडू, अक्का?" "पुढं एवढं अंगण पडलंय की!" पुढच्या अंगणात निव्वळ मुरूम. पहार नुसती ठणठणत होती. दोन फुटांवर हुसेनभाईनं हात टेकले, तिथेच लोखंडी नळ ठोकला आणि तार बांधून टाकली.

पावसाळा आणि थंडी बिनबोभाट गेली. उन्हाळा लागला तशी माझी पत्नी म्हणू लागली की, भिंतीवरच्या नळीला हात लागला की मुंग्या येतात. अक्काला ते कळायचं कारण नव्हतं, कारण सोवळ्यात ती नळीला शिवतच नसे. पण तिचं सोवळ्याचं लुगडं वाळत घालायची उंच तार त्याच नळीच्या आकड्याला बांधलेली होती. लुगडं ती नेहमी काठीनं वर टाकी, आणि काठी कोरडी असल्यामुळे इतके दिवस निभावलं होतं. एके सकाळी लुगडं तारेत अडकलं. अक्का न्हाऊन आलेली, पायाखालची फरशी ओली. तिनं लुगड्याचं ओलं टोक हातानं ओढलं, आणि "अव्वा!" असा तिचा आवाज ऐकून मी उठलो. कानडी तिच्या तोंडी घाबरली म्हणजेच येई. हात तिला सोडवेना. आमची कुसुम तेव्हा चार वर्षांची. ती आत्याकडे धावली. तेवढ्यात अक्का ओरडली, "शिवू नको!" हे शब्द कुसुम रोज सकाळी ऐकत आलेली. ती जागच्या जागी थांबली... मी मेन स्विच बंद केला. अक्का मटकन खाली बसली आणि तिनं त्याच ओल्या लुगड्यात कुसुमला मांडीवर घेतलं. सकाळच्या सोवळ्यात तिनं कुणाला जवळ घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

ज्या सोवळ्यामुळे ओली जागा हुकली, त्याच सोवळ्याच्या दटावणीनं पोर वाचली. याचा जमाखर्च कसा मांडायचा ते मला आजही कळलेलं नाही. अक्कानं मात्र तो मांडत बसण्यात वेळ घालवला नाही. दुपारच्या आत तिनं हुसेनभाईला बोलावून घेतलं.

"मी तवाच बोललो होतो, अक्का," हुसेनभाई म्हणाला. "मागं वलं हाय म्हणून. तुमी हात लावू दिला न्हाय की."

"बोललास. पण भांडला नाहीस की! एरवी चहात साखर कमी पडली तर केवढा भांडतोस! चल, तुळशीशेजारी खण. तुळस हलता कामा नये."

"आणि तुमचं सोवळं?"

"माझं सोवळं मी बघते. तू तुझी तार बघ."

सहा फूट खड्डा झाला. तळाशी तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ. कोळसा अक्काच्या शेगडीचा आणि खडेमीठ तिच्याच बरणीतलं. अर्थिंग नीट लागलं आहे की नाही हे पाहायची हुसेनभाईची रीत साधी होती. दिव्याचं एक टोक विजेच्या तारेला आणि दुसरं जमिनीतल्या तारेला लावायचं. त्या दुपारी आधी पुढच्या अंगणातल्या नळावर लावून पाहिलं, तेव्हा दिव्यातली तार जेमतेम लाल झाली होती. तुळशीपाशी तो लख्ख पेटला. हुसेनभाई म्हणाला, "आता उन्हाळ्यात हिला पाणी पाजायला विसरू नका." अक्का कधी विसरली नाही. तुळशीचा तांब्या वेगळा, पितळेचा, घासलेला. खड्ड्याचा वेगळा, काठाला पोचे आलेला. तुळशीला घालून झालं की तो भरायचा. मी हिशेबी माणूस, मी म्हणालो, "अक्का, एवढ्या खड्ड्याला तांब्याभर पाणी कसं पुरेल? बादली लागेल." ती म्हणाली, "मग ओत की बादली, नाना. माझा तांब्या कुठं आडवा येतोय?" तेव्हापासून मीही बादली ओतू लागलो, तिच्या तांब्यानंतर. हुसेनभाई रस्त्यावरून जाताना ओरडे, "अक्का, आमच्या अर्थिंगला पाणी पाजलं का?" आणि आतून उत्तर येई, "पाजलं रे! नैवेद्य तेवढा राहिलाय."

निरोप आला त्या दिवशी मोटारीतून सात रस्त्याला उतरून टांगा केला. दारात माणसं जमली होती. पत्नी पुढे आली, आणि मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "तसलं काही नाही हो. अंघोळ, पूजा सगळं झालं. तुळशीपाशी टेकल्या, म्हणाल्या जरा दम लागलाय... मी शेजारीच होते. पाणी आणेपर्यंत मान कलली." माझ्या मनात काय असणार हे तिनं ओळखलं होतं. तरी मी आधी मागे गेलो. ऊन उतरलं होतं. अंगणाची सारी जमीन पांढरी फटक पडलेली, आणि खड्ड्यावर हातभर माती काळी, ओली. त्या सकाळीही तिनं पाणी घातलं होतं. मी तिथेच कट्ट्याला टेकलो आणि मला मोकळा श्वास घेता आला. रडू आलं ते त्यानंतर. लोकांना हे विचित्र वाटेल, पण खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. ती तिच्या वेळेनं, तिच्या जागी गेली. आमच्या घरातल्या विजेनं तिला नेलं नाही.

सुतकात तुळशीला शेजारच्यांनी पाणी घातलं. खड्ड्याला सुतक नसतं, तिथे मी बादली ओतत राहिलो. सुतक फिटल्यावर घर आवरताना पोचे आलेला तांब्या पत्नीनं मोडीच्या भांड्यांत टाकला होता. कुसुमनं तो उचलून पुन्हा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. आता ती रोज सकाळी दोन्ही तांबे भरते, आधी पितळेचा, मग हा. परवा रविवारी सकाळी मी दिवा आणून अर्थिंग तपासलं. उन्हाळा अजून सरलेला नाही, पण दिवा लख्ख पेटला. दिवसाउजेडी त्या दिव्याचा कुणाला काही उपयोग नव्हता, तरी मी तो जरा वेळ तसाच राहू दिला.