आखाजीचं खोटं ताट

धुळ्याच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात नट पुष्कळ आणि प्रत्येक जण स्वतःला मोठा समजतो. पण जिच्यावाचून खरंच अडतं अशी एकच, कोकिळाताई. नाटकातलं जेवण त्या करतात. मी दिग्दर्शक, शाळेत मराठी शिकवतो, तोंडाचा फटकळ म्हणून गावात बदनाम. तरी पंधरा वर्षांत त्यांच्या ताटाला नाव ठेवायची संधी मला मिळालेली नाही.

त्यांचे नियम पक्के. नटाला खरंच खायचं असेल तर केळं. कुस्करून रंग दिला की त्याचा शिरा होतो, मटणाची फोडसुद्धा होते, आणि पुढच्या संवादाच्या आत ते घशाखाली उतरतं. पापड-शेवेला बंदी, कारण तुकडा टाळूला चिकटला की नायक खोकत बसतो. नुसतं दाखवायचं असेल तर पॅकिंगच्या पातळ फोमची पुरणपोळी, चहाच्या पाण्यात रंगवलेली, वर उदबत्तीने दिलेले तव्याचे डाग. डिंकात हळद कालवली की आमरस. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या तोंडालाही पाणी सुटायचं.

त्यांचा नवरा प्रेमराज ट्रक चालवायचा. आठ वर्षांपूर्वी सावद्याहून केळी भरून तो दिल्लीकडे निघाला. आठवड्याने ट्रक रस्त्याकडेला उभा सापडला, आत सगळी केळी सडलेली. माणूस आजतागायत सापडला नाही.

घरात उरल्या दोघी, कोकिळाताई आणि सासू सुगंधाबाई. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांचं एकच भांडण. त्या दिवशी आमच्याकडे घरातल्या मेलेल्यांना आगारी टाकतात. निखाऱ्यावर तूप आणि ताटातला घास घालायचा, नाव घेऊन जेवायला बोलवायचं. म्हातारी म्हणायची, "मना पोर्‍या भुक्या शे. टाक त्यानी आगारी." कोकिळाताई ऐकायच्या नाहीत. आगारी टाकली म्हणजे प्रेमराज मेला हे घराने कबूल केलं. त्या रोज ठसठशीत कुंकू लावत, आणि दाराशी ट्रक थांबल्याचा आवाज आला की हातातलं टाकून उठत. रस्त्यावर ट्रक नसतानाही त्यांना तसं उठताना मी पाहिलं आहे. अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू?

यंदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी जळगावला आमचा प्रयोग होता आणि दुसऱ्या अंकात आगारीचं ताट हवं होतं. ते त्यांना करायला सांगणं हा निर्दयपणा होता हे मला कळत होतं. तरी सांगितलंच. नाटकवाल्यांना गरजेपुढे लाज नसते. त्या एवढंच म्हणाल्या, "करते, सर."

आखाजीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी ताट पाहिलं तेव्हा पोळ्या, आमरस, कुरडया सगळं जागच्या जागी होतं. एका कडेला मात्र हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा गोळा होता.

"आगारीच्या ताटात ठेचा कोण वाढतं, ताई?"

"वाढतात काही जण."

प्रेमराजला ठेच्याशिवाय घास जात नसे, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं.

आखाजीच्या सकाळी ताट न्यायला गेलो तर घरभर प्लास्टिक जळाल्याचा उग्र वास. शेगडीजवळ सुगंधाबाई बसल्या होत्या, चेहरा नुसता उजळलेला. डोळ्यांत मोतीबिंदू, सगळं चाचपून चालायचं. सून दूध आणायला गेली असताना त्यांचा हात फळीवरच्या ताटाला लागला, बोटांना ठेच्याचा गोळा लागला, आणि त्यांना वाटलं सुनेने अखेर मुलाचं पान वाढलं. त्यांनी शेगडी पेटवली आणि मुलाचं नाव घेऊन फोमच्या पोळ्या निखाऱ्यावर घातल्या.

"आठ वरीसपाईन भुक्या व्हता, म्हनीसन काया धूर निंघना," काळा धूर निघाला आणि पोरगा जेवला, याच आनंदात म्हातारी मला सांगत होती. "आज जेवना मना पोर्‍या."

तेवढ्यात कोकिळाताई दारात आल्या. मला वाटलं, आता ओरडतील, खरं काय ते सांगून टाकतील. आणि कबूल करतो, मला त्याआधी माझ्या ताटाची काळजी वाटली. त्यांनी हातातलं दूध खाली ठेवलं, चिमट्याने निखाऱ्यातला वितळलेला गोळा बाहेर काढला.

"ते जिवंत असतील तर काही बिघडलं नाही, सर," त्या हळूच म्हणाल्या. "पण नसतील तर? आठ वर्षं त्यांनी पानाची वाट पाहिली, आणि आज जेवायला आले तर मी पानात फोम वाढला."

"ताई, म्हातारीची चूक झाली. तुमचा काय दोष?"

"ताट माझ्याच हातचं ना."

त्यांनी डाळ शिजायला टाकली. मला बस कोणी म्हटलं नव्हतं, तरी मी बसून राहिलो. त्यांनी पुरण वाटलं, चुलीवर मातीचं खापर उपडं तापवून त्यावर पोळ्या भाजल्या, मिरच्या भाजून ठेचा कुटला.

"आते काब्र रांधी राहिनी तू?" पुन्हा रांधायचं कारण म्हातारीने विचारलं.

"त्यासनं पोट भरनं नही, आत्याबाई."

मग त्यांनी शेगडी झाडून नवे निखारे घातले. पोळी मोडली, वर ठेचा ठेवला, तूप सोडलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं, नेहमी नुसतं 'ते'. पांढरा धूर वर गेला आणि खरपूस वास घरभर पसरला.

"प्रेमराज," त्या म्हणाल्या, "जेवी ल्या. हाई खरं शे."