सत्यनारायणाच्या दिवशीच्या सह्या

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्याचं मी काय ते निभावून नेलं. डाव्या हाताने भात कालवायला शिकले. वेणी लेक घालून देते. पण कारखान्यातला तो चौकशीचा दिवस आठवला की अजून डोकं फिरतं माझं.

लालबागला मिठाईचे खोके बनवायचा कारखाना. पुठ्ठा कापायच्या प्रेसवर मी चौदा वर्षं काढली. मालक आमच्याच गावचा, कोकणातला, म्हणून त्याला दादा म्हणायची. नुसती म्हणायची नाही, दर भाऊबीजेला घरी जाऊन ओवाळायची. त्या नात्यापायी आंधळी झाले, दुसरं काय!

प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा पत्रा खाली येणार, म्हणजे हात आत सापडायला नको. गणपतीच्या आधी मोदकांच्या खोक्यांची घाई उडाली, तेव्हा दादाने स्वतः एक बटण दाबून त्यावर चिकटपट्टी मारली.

"एक हात मोकळो ठेव गो बाय, पुठ्ठो सरकवूक बरो."

"दादा, हात गेला तर?"

"मी असताना?" म्हणाला आणि हसला. मीही हसले, वेडी.

आता शिकवण्याचं सांगते. मशीन कसं चालवायचं, काय करायचं नाही, हे मालकाने कामगारांना शिकवायचं असतं आणि तशी वही ठेवायची असते. आमच्याकडे शिकवणं कधी झालंच नाही, वही मात्र चोख. कारखान्यात वर्षाला एकदा सत्यनारायण असायचा. त्या दिवशी कुणी दांडी मारत नसे, म्हणून वर्षभराच्या सह्या तेव्हाच उरकायच्या. डाव्या हातात शिऱ्याचा द्रोण, उजव्या हातात पेन. वर मथळा मी लिहायची, 'मशीन सुरक्षा प्रशिक्षण', आणि शिकवणारी म्हणून नावही माझंच. दहावी पास, अक्षर वळणदार, म्हणून दादाने मला सुरक्षा प्रमुख केलं होतं. काय फुगले होते मी तेव्हा! अख्ख्या चाळीत सांगत सुटले होते.

पट्टी मारल्यापासून आठवड्याच्या आत माझा हात सापडला.

दादा हॉस्पिटलात आला, उशाशी बसून रडला. "सगळं मी बघतो," म्हणाला. बोटं माझी गेलेली, आणि मीच त्याची समजूत घालत होते, बोला!

महिन्याभराने सरकारी साहेब चौकशीला आले. चूक कुणाची, ते लिहून नेणार होते. दादाची ठरली तर मला भरपाई आणि बसून करायचं काम. माझी ठरली तर घरी बस.

"पट्टी हिनेच लावली, साहेब," दादा म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि ही तर आमची सुरक्षा प्रमुख." वही उघडून समोर ठेवली.

"अक्षर तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"माझंच." अंगाची नुसती आग होत होती. "पण खोटं लिहिलंय मी. कुणी कुणाला काही शिकवलं नाही. आणि पट्टी यांनी लावली. विचारा या बायकांना, समोर होत्या."

मग साहेबांनी माझ्या मैत्रिणीलाच विचारलं. घोडपदेवला आमच्याच मजल्यावर राहते. मीच तिला इथे चिकटवली होती, रोज आम्ही बरोबर चालत यायचो. दादाला पट्टी कापून दिली होती तीही तिनेच. मला वाटलं, चला, सुटले.

"शिकवलेलं, साहेब," ती म्हणाली. "ताईनेच शिकवलेलं आम्हाला. पट्टी लावू नका म्हणाली होती, आणि मग स्वतःच लावली."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दादाचा राग आहेच, मरेपर्यंत राहील. पण तिने असं करावं? तिचा नवरा घरी बसलेला, दोन पोरं शाळेत, कामाची गरज मला कळत नाही का? सगळं कळतं. तरी माफ करवत नाही.

माझ्या प्रेसवर आता ती असते. जिन्यात समोर आली तर मी बोलत नाही. पण नजर आधी तिच्या हातांवर जाते, दहाही बोटं आहेत ना, ते बघायला.