मॉनिटर सुरू, वर्ग बंद

मित्रहो, आज फार संताप झाला. मांडवीच्या किनाऱ्याजवळच्या आमच्या शाळेतल्या एकुलत्या एका संगणकाचा पडदा काळा पडला होता. नवा मॉनिटर मुंबईहून मागवायचा की मुलांचा संगणकवर्गच बंद करायचा, हे ठरवायला शाळा समिती बसली.

मी मॉनिटरची वायर काढून पाहिली. खाऱ्या हवेने पिना गंजल्या होत्या. स्पिरिटने पुसून परत जोडली आणि हिरवी अक्षरं उमटली.

अध्यक्ष खूश. "वा, सर! खर्च वाचला. आता कुलपात ठेवा हो. पोरांचे हात लागले की परत बिघडायचा."

"मग शिकवू कशावर, भाऊ?"

"फळ्यावर काढून दाखवा की!"

आणि खरंच संगणकाच्या खोलीला कुलूप लागलं. उद्या सकाळी पालकांना घेऊन मी त्या दारापुढे बसणार आहे. तुमच्यातलं कोण येतंय?