गावमा आपलं नाव शे

नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करायचा हे मी रागाच्या भरात ठरवलं. माझं बरंचसं असंच ठरतं. माय म्हणते, हिच्या नाकावर राग नि पायाला भिंगरी. तेव्हा मी सुरतेच्या एका खाजगी दवाखान्यात आयसीयूला होते, सहा वर्षं झाली होती. पलसाण्याच्या डाईंग मिलमधला एक कामगार आमच्याकडे आला, आमच्याच खान्देशाकडचा. एका दुपारी त्याचं बीपी खाली खाली यायला लागलं. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटच्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. कोणतं औषध चालू करायचं ते मला ठाऊक होतं, मी ट्रे भरूनही ठेवला होता. पण ऑर्डरशिवाय नर्सने हात लावायचा नसतो. त्याची बायको काचेपलीकडून म्हणाली, "ताई, तुम्हीनच काहीतरी दी टाका ना."

मी म्हटलं, डॉक्टर येतीलच. ते आले, पळतच आले, पण त्या माणसाने दुसरी सकाळ पाहिली नाही. दोष कोणाचाच नव्हता, एक डॉक्टर दोन मजल्यांवर कसा असेल. तरी घरी येऊन मी जेवले नाही. भरलेला ट्रे हातात धरून उभं राहण्याची मला लाज वाटत होती.

आयसीयूच्या नर्ससाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर कोर्स असतो, हे मला आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरने सांगितलं. वॉर्डात काम करत शिकायचं, आणि पास झालं की ठरवून दिलेल्या चौकटीत औषध चालू करायचा हक्क मिळतो. मला बाकी काही नको होतं. पगार चार पैशांनीही वाढला नसता तरी चाललं असतं, मला तो हक्क हवा होता.

आता प्रश्न कुठे करायचा. हायवेवरच्या एका खाजगी कॉलेजात गेले, फी विचारली, रिसेप्शनवरचं थंड पाणी प्याले आणि परत आले. आबा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं लूमच्या खात्यात मशीन चालवतात. माय घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. आम्ही नवागामला भाड्याच्या खोलीत राहतो. तेव्हा आमच्यासारख्यांना दोनच दारं उरली. एक गुजरातचं सरकारी कॉलेज, दुसरं महाराष्ट्राचं. दोन्हीकडे फी नावापुरती, वर स्टायपेंड. आणि दोन्हीकडे वयाची अट तीस. मला ऑगस्टात तीस पूर्ण होणार होती, म्हणजे हे वर्ष पहिलंही आणि शेवटचंही.

ही वयाची अट मी घरात सांगितली नाही. का, तर आमच्या घरात तीस हा आकडा नुसता काढला की लग्नाचं निघतं. मग साक्रीचा एक मुलगा, नंदुरबारचा एक मुलगा, मग मायचं रडणं. मी म्हटलं, उगाच कशाला आग्या मोहोळावर दगड मारा. आबांना एवढंच सांगितलं की फॉर्म निघालेत. माझी चूक मोजायची तर तिथून मोजावी.

पहिल्यांदा मी गुजरातच्या फॉर्ममागे लागले. जन्म सोडला तर माझं सगळं सुरतेचं. दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत, पुढे बारावी, मग बारडोलीकडे खाजगी नर्सिंग कॉलेजात. गुजराती मी मराठीइतकीच बोलते, भांडते तर गुजरातीतच. रहिवासाचा दाखला मिळेल असं धरूनच चालले होते. खिडकीवरच्या माणसाने माझी शाळेची सर्टिफिकेटं चाळली आणि बाजूला सारली. "बेन, तमारो नहीं, फादरनो पुरावो जोईए. दस वरसनो." दहा वर्षांपूर्वीचा कुठलाही शिक्क्याचा कागद, ज्यात बापाने सुरतेला राहतो असं लिहिलंय. रेशनकार्ड, लाईटबिल, भाडेकरार, काहीही चालेल म्हणाला.

आमच्याकडे काहीच नव्हतं. खात्याच्या शेठने कधी कागद दिला नाही. खोलीमालकाने कधी भाडेकरार केला नाही, आणि दर तीन-चार वर्षांनी खोली बदलली. आबांचं मतदान, आधार, सगळं गावच्या पत्त्यावर. शेजारच्या सगळ्यांनी इथली कार्डं काढून घेतली, मी किती वर्षं आबांच्या मागे लागले होते. त्यांचं एकच उत्तर, "गावमा आपलं नाव शे." आपलं नाव गावात आहे, ते तोडायचं नाही. इथे आपण पोटासाठी आलोय. दर दिवाळीला ते एकटे गावाला काकांकडे जायचे, काकूसाठी दोन साड्या घेऊन. का जाता विचारलं तर म्हणायचे, नाव ताजं ठेवायला लागतं.

त्या संध्याकाळी मी तणतणत घरी आले. आबांना लूमच्या खडखडाटाने कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात सगळंच ओरडून बोलतात. मी ओरडून सांगितलं की तुमचा पुरावा मागतात, तुमच्यामुळे अडलंय. आबा शांत होते, उलट जरा खुललेच. म्हणाले, "मग महाराष्ट्रनं भर ना. मी लई येसू दाखला. दोन दिननं काम शे." गावच्या ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणतो म्हणाले. इतक्या वर्षांनी त्यांचं गाव माझ्या कामी येणार होतं. त्यांच्या तोंडावर एवढा आनंद होता की मला माझ्या रागाची लाज वाटली.

गुजरातच्या फॉर्मला अजून दोन आठवडे होते. खटपट केली असती तर कुठून तरी जुना कागद निघाला असता. पण मी तो नाद सोडला. हातचं सोडून पळत्यापाठी लागणं म्हणतात ते हेच.

आबा उधन्याहून भुसावळ पॅसेंजरने गेले आणि चौथ्या दिवशी हात हलवत परत आले. ग्रामसेवक रजेवर होता म्हणाले. मी म्हटलं, सरकारी काम, सहा महिने थांब, होतं असं. दहा दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा तसेच आले. म्हणाले, काका करून ठेवतो म्हणाला, आठवडाभरात पाठवतो. त्या दोन्ही वेळा ते माझ्याशी बोलताना चहाच्या कपाकडे बघत होते. मी आयसीयूत माणसाचा चेहरा बघून सांगते की याला काहीतरी होतंय. घरच्या माणसाकडे मी तसं बघितलं नाही.

तोवर गुजरातची तारीख निघून गेली. चार दिवसांनी मीच रजा टाकली आणि त्यांना न सांगता गावाला गेले.

ग्रामसेवक रजेवर नव्हता. भला माणूस होता, पंखा माझ्याकडे वळवला, रजिस्टर काढलं, नाव शोधलं. मग म्हणाला, "ताई, तुमचं नाव नाही इथे. तुमच्या घरातलं कोणाचंच नाही. अकरा वर्षं झाली कमी करून." मला वाटलं काकाने काढलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मनात आलंसुद्धा. मी आवाज चढवला की माझ्या बापाला न विचारता तुम्ही नाव कसं काढता. त्याने फाईल माझ्यापुढे ठेवली. "त्यांनीच अर्ज दिलाय. ही सही बघा."

स्टॅम्पपेपरवर लिहिलं होतं की मी माझ्या कुटुंबासह सुरत, नवागाम येथे कायमचा स्थायिक झालो आहे, गावच्या घरावर माझा हक्क नाही, माझ्या भावास घरकुल मंजूर झाल्यास माझी हरकत नाही. खाली आबांची सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, ते काढतात तशी. त्याखाली गोल शिक्का आणि अकरा वर्षांपूर्वीची तारीख.

खिडकीवरच्या माणसाने मागितलेला कागद हाच होता. दहा वर्षांहून जुना, शिक्क्याचा, बापाच्या सहीचा, सुरतेला राहतो असं लिहिलेला. तो सगळा वेळ गावाच्या कपाटात पडून होता, आणि तारीख जाऊन चार दिवस झाले होते. कदाचित त्यांनी तोही चालवून घेतला नसता. पण मी तिथे बाकावर बसून ती तारीख पुन्हा पुन्हा वाचली. ग्रामसेवक पाणी घेऊन आला.

काकांकडे गेले. घरकुल छान बांधलंय, पुढे फरशी, तुळस. काकूने चहा केला, खायला केलं, माझ्या अंगावरून हात फिरवला. काका म्हणाले, "तुझ्या बापाला म्हटलं होतं, घर होऊ दे, मग तुमची नावं परत लावून घेऊ. दर दिवाळीला विचारतो बिचारा. राहून गेलं बेटा." एवढंच, राहून गेलं. भांडायला तोंड उघडावं तर समोरच्याच्या मनात काही वाईटच नाही. मी चहा पिऊन निघाले.

म्हणजे दर दिवाळीला आबा दोन साड्या घेऊन नाव ताजं ठेवायला जात नव्हते, नाव परत मागायला जात होते. आणि आम्हाला सांगत होते की गावमा आपलं नाव शे.

मी झेरॉक्स घेऊन सुरतेला आले. आबा दिवसपाळी करून आले होते, हातपाय धुऊन भिंतीला टेकले होते. मी तो कागद त्यांच्या मांडीवर टाकला. त्यांनी बघितला आणि घडी घातली. म्हणाले, "भाऊ शे ना तो मना." त्याचं घर होत होतं, ते सांगू लागले. मी नाही म्हटलं असतं तर तो पावसात राहिला असता. मला वाटलं या वेळी तरी नाव लावेल, तुझ्यासाठी म्हणून तरी लावेल. माय खडे चिकटवता चिकटवता म्हणाली, जाऊ दे गं, आपलेच दात नि आपलेच ओठ.

पण माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही मला गावही ठेवलं नाही आणि शहरही मिळू दिलं नाही. बाप म्हणून दिलंत काय तुम्ही मला?"

आबांनी कानामागे हात धरला. "काय म्हणलीस?"

त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. देवाने मला एक संधी दिली होती, काही नाही आबा, एवढंच म्हणायचं होतं. मी तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने, एक एक शब्द तोडून म्हटलं. चाळीतली बाकीची बोलणी थांबली. कुठल्याच लेकीने असं वाक्य बापाला एकदासुद्धा बोलू नये, मी दोनदा बोलले. आबांनी मान हलवली, म्हणजे या वेळी ऐकू आलं. मग ते चपला घालून बाहेर गेले.

त्यानंतर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. महाराष्ट्राची तारीख गेली. ऑगस्टात मला तीस पूर्ण झाली, मायने शेवयांची खीर केली. मी ड्युटीवर जात राहिले. ट्रे भरायचा, फोन लावायचा, डॉक्टरांची वाट बघायची.

दिवाळी आली आणि आबांनी बॅग काढली नाही. मायने विचारलं, साड्या आणू का काकूला? ते म्हणाले, नको. लक्ष्मीपूजनाला ते खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, रस्त्यावरची पोरं फटाके उडवत होती ते बघत. इतक्या वर्षांत दिवाळीला आबा घरात असण्याची आम्हाला सवय नव्हती.

देवदिवाळी झाल्यावर एका दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून घरी आले. मला वाटलं होतं खात्यात गेलेत. ते नव्हते गेले. तीन दिवस पाळी बुडवून रांगेत उभे होते, खोलीमालकाच्या पाया पडून त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं होतं. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढून माझ्या हातात दिला. आधारवर नवा पत्ता. जिथे आयुष्यभर गावाचं नाव होतं, तिथे आता नवागाम. मतदानाचंही बदलायला टाकलंय म्हणाले. ज्या माणसाने काही झालं तरी नाव तोडायचं नाही म्हणून आयुष्य काढलं, त्याने ते स्वतः जाऊन तोडलं होतं, माझ्यासाठी.

"आते भर व बेटा," आबा म्हणाले. "पुढला सालले भर. आते कोणी ना म्हणाव नही."

माय माझ्याकडे बघत होती. वयाची अट मी तिला ऑगस्टात सांगितली होती, खीर खाताना, रडत. ती पुटपुटली, बैल गेला नि झोपा केला. आबांना ते ऐकू गेलं नाही. मी आधीच सांगितलं असतं की हे शेवटचं वर्ष आहे, तर पहिल्याच दिवशी त्यांनी मला खरं सांगितलं असतं. त्यांना वाटत होतं, फॉर्म दर वर्षी निघतात, भावाला अजून थोडा वेळ देऊ. त्यांनी माझ्यापासून एक गोष्ट लपवली आणि मी त्यांच्यापासून एक, आणि दोघांच्या मध्ये माझी सीट गेली.

मी कागदाची घडी उलगडली, पत्ता वाचला, पुन्हा घडी घातली. म्हटलं, हो आबा, भरते.

"कधी निघतस फॉर्म?"

"मे महिन्यात," मी म्हटलं. त्यांनी कानामागे हात धरला. मग मी जवळ सरकून, मोठ्याने, पुन्हा सांगितलं.